गिरकीची औषधं घेणारी माणसं

तर गिरकीचे मामा शटरला चिकटले, इथपर्यंत आपण काल आलो होतो. चिकटले म्हणजे खरोखरच चिकटले. डोकं शटरला आणि बाकीचे मामा फुटपाथवर. त्यांच्या डोक्यावर चुंबकांचा टोप होता, टोपाचा पट्टा हनुवटीखाली गच्च आवळलेला होता आणि दुकानाचं शटर पडलं लोखंडाचं. टोप विकणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं की याची ओढ थेट मेंदूच्या तळापर्यंत जाते. मेंदूच्या तळाचं कोणी पाहिलंय? शटरपर्यंत मात्र गेली.

आतून गिरकीच्या आईनं हाक मारली, "दादा, आत ये ना, चहा निवतोय."

"येतो गं," मामा म्हणाले, "पण शटर येऊ देत नाही."

गिरकीचा बाप बाहेर धावला. अर्धवट खाली असलेलं शटर वर केलं की डोकं आपोआप सुटेल, असा त्याचा हिशेब. त्यानं दोन्ही हातांनी शटर वर ढकललं. शटरबरोबर टोप वर गेला, टोपाबरोबर मामा वर गेले आणि चवड्यांवर उभे राहून ओरडायला लागले, "दाजी, खाली! अहो खाली घ्या! मान लांब होतेय!"

समोरचा न्हावी एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आला. गिऱ्हाईकही अर्ध्या फेसासकट आलं. कोणी म्हणालं साबण लावा, कोणी म्हणालं गरम पाणी ओता. गिरकीच्या बापानं मात्र आत जाऊन पट्ट्यासाठी रेक्झिन कापायची सुरी आणली, आणि घाईघाईत दुसऱ्या हातात बारीक खिळ्यांचा डबा तसाच राहिला. डबा टोपाजवळ आला मात्र, सगळे खिळे फर्रकन उडून टोपावर जाऊन बसले. मामांचं साळिंदर झालं.

आणि तेवढ्यात गिरकी बाहेर आली.

गिरकी कोणाच्या तोंडाकडे सहसा बघत नाही. बोलणाऱ्याच्या खांद्यावरून, कानाच्या बाजूनं, कुठेतरी पलीकडे बघते. त्या दिवशी ती मामांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, मान वर करून टक लावून बघत राहिली, आणि मग एकेक खिळा खुडून डब्यात टाकायला लागली. चेहऱ्यावर असा आनंद, की न्हावीसुद्धा अर्धी दाढी विसरून बघत राहिला.

मामांचे डोळे भरून आले. चवड्यांवर, साळिंदराच्या अवस्थेत, ते गदगदून म्हणाले, "बघितलंत? नजरेला नजर दिली पोरीनं! टोपाचा गुण आला!"

"मामा, टोप तुमच्या डोक्यावर आहे," गिरकीचा बाप म्हणाला.

"तेच तर! माझ्या डोक्यावर असून हिला गुण आला. विचार करा, किती ताकद असेल!"

गिरकीच्या बापानं पट्टा कापला. मामा सुटले, टोप शटरलाच राहिला. पण मामांच्या तोंडून निघालेलं ते वाक्य गल्लीभर गेलं. पुढे जे रामायण घडलं ते सगळं त्या वाक्यातून.

आता हा गिरकीचा बाप म्हणजे कोण? खुर्च्या-सोफे करणारा कारागीर. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मधल्या पडवीत बायकोचं शिलाई मशीन. सोफ्यांच्या खोळी ती शिवते. सगळी गल्ली त्याला 'आधीबसा' म्हणते. हे नाव पडलं त्याच्या उस्तादाच्या शिस्तीमुळे. उस्ताद सांगायचे, खुर्ची ज्यानं केली त्यानंच तिच्यावर आधी बसायचं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. नुसतं टेकायचं नाही. बसायचं, डुलायचं, मागे रेलायचं, आणि मगच गिऱ्हाइकाला म्हणायचं, या. उस्ताद गेले, पण शिष्यानं ती शिस्त अशी काही पाळली की उधारीवर स्प्रिंगा द्यायला आलेल्या माणसालासुद्धा तो आधी त्याच्याच स्प्रिंगेवर बसवी.

एकदा एका भारदस्त वकिलासाठी त्यानं आरामखुर्ची केली. वकीलसाहेब घ्यायला आले, आधीबसा रीतीप्रमाणे बसला, डुलला, मागे रेलला, आणि मागचा पाय मोडून उताणा पडला. पाय वर, तोंडात खिळे, पोटावर खुर्ची. बायको मशीनवरून ओरडत आली. पण वकीलसाहेब खूश! म्हणाले, "माझ्या वाटणीचं पडणं तुम्ही पडलात. असा माणूस आजकाल मिळतो कुठे?" आणि आणखी दोन खुर्च्या सांगून गेले. आधीबसाची कंबर पुढे महिनाभर बोलत होती, पण खुर्चीचा पाय का मोडला ते मात्र त्याला त्याच दिवशी कळलं, आणि पुन्हा तसा पाय त्यानं कधी बसवला नाही.

गिरकी ही त्याची एकुलती एक मुलगी. दहाएक वर्षांची. शाळेतून आली की दुकानातल्या फिरत्या स्टुलावर बसून गोल गोल फिरते, म्हणून गिरकी. तिला मखमल आवडते. तळवा एका दिशेनं फिरवला की मखमल गडद होते, उलटा फिरवला की फिकी. हा खेळ ती जेवणाची हाक येईपर्यंत खेळू शकते. हातोडीचा आवाज तिला सोसत नाही. म्हणून आधीबसा खिळा ठोकण्याआधी दर वेळी "ठोकतोय हं" म्हणतो, ती कानांवर हात ठेवते, मग तो ठोकतो. कधी दुकानात ती नसतानाही तो म्हणतो. गिऱ्हाइकं कानांवर हात ठेवतात.

ती लहान असताना मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हिला ऑटिझम आहे. तिथल्या पाटीवर त्यालाच 'स्वमग्नता' असं लिहिलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं, "हा ताप-खोकल्यासारखा औषधानं जाणारा आजार नाही. हिच्या मेंदूची घडणच अशी आहे. शिकवत राहा, बोलण्याच्या बाईंकडे नेत राहा, ती तिच्या चालीनं शिकेल. आणि एक लक्षात ठेवा. हे मुळापासून बरं करतो असं सांगणारे खूप भेटतील. मला विचारल्याशिवाय तिच्या पोटात काही घालू नका."

आणि भेटलेच की हो! घरातली एखादी गोष्ट बरी होत नाही म्हटल्यावर ती बरी करायला माणसं कुठून कुठून येतात! पहिल्यांदा शेजारच्या काकू कानात घालायचं तेल घेऊन आल्या. आधीबसा तेव्हा सोफ्याला काथ्या भरत होता. हातातलं काम न सोडता, निव्वळ सवयीनं तो म्हणाला, "आधी तुम्ही घ्या, काकू." काकूंनी भिडेखातर घेतलं. पुढचे कितीतरी दिवस काकूंना दारावरची कडी ऐकू आली नाही, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे घरात इतकी शांतता लग्नानंतर प्रथमच नांदली. तेव्हापासून घराचा नियमच झाला. गिरकीसाठी जो उपाय आणेल, त्यानं तो आधी स्वतःवर करायचा.

नियमानं निम्मी माणसं दारातूनच परत जायची. पण खोटं कशाला सांगा, तो नियम आधीबसाला स्वतःसाठीही हवा होता. दर वेळी कोणी नवा उपाय घेऊन आलं की त्याला आधी वाटायचं, की हाच असला तर? आपण नको म्हणालो आणि नेमका हाच असला तर? हे वाटणं ओसरेपर्यंत दुसरं कोणीतरी बसलेलं बरं असतं.

मामा काही दारातून परत जाणारे नव्हते. भाचीवर जीव. त्यांनी टोप आणला, नियम ऐकला आणि तिथल्या तिथे स्वतःच्या डोक्यावर चढवला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

मामांचा बोलबाला झाल्यावर आत्या कशा मागे राहतील? आत्या म्हणजे आधीबसाची थोरली बहीण. मामांच्या टोपानं गुण आला म्हणजे तो आपल्या माहेरचा अपमान, असं त्यांनी मनाशी धरलं. त्या एक पथ्य घेऊन आल्या. दूध बंद, गहू बंद, साखर बंद, आणि खात्रीसाठी पांढरं दिसेल ते सगळं बंद.

"मीठ?" आधीबसानं विचारलं.

"मिठाचं विचारून सांगते," आत्या म्हणाल्या.

"ठीक आहे ताई. महिनाभर तू कर."

"मी? अरे मला काय झालंय?"

"तिला तरी खाण्यातून काय झालंय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाढीच्या वयात तिचं जेवण तोडायचं नाही."

आत्या जिद्दीच्या. त्यांनी मुक्काम ठोकला आणि पथ्य सुरू केलं. दोन-चार दिवसांतच त्यांचा चेहरा उतरला आणि आवाज चढला. उठता-बसता एकच जप, "भूक लागली." मखमलीच्या थानावर हात ठेवून "भूक लागली." मशीनकडे बघत "भूक लागली." न्हावी विचारायला आला, आत्या बऱ्या आहेत ना? त्यालाही तेच उत्तर.

आणि महिना संपता संपता एका दुपारी गिरकी स्टुलावरून उतरली, आईजवळ गेली आणि स्वच्छ म्हणाली, "भूक लागली."

आजवर भूक लागली की ती आईचा पदर ओढायची, नाहीतर रडायची. बोलून कधी सांगितलं नव्हतं. आईच्या हातातली खोळ गळून पडली. तिनं ताट वाढलं, आणि वाढता वाढता रडली, आणि रडता रडता हसली. बोलण्याच्या बाई वर्षभर हेच एक वाक्य गिरकीकडून घोटून घेत होत्या. चित्र दाखवायचं, वाक्य म्हणायचं, पुन्हा चित्र, पुन्हा वाक्य. त्यात आत्यांनी दिवसभर आयती उजळणी करून घेतलेली.

पण आत्या ऐकतात? "पथ्य मी केलं, बोलली ती!" त्या ओट्यावर उभ्या राहून सांगायला लागल्या. "उपाय रक्ताच्या नात्यातून उतरतो. मामाचा टोप उतरला, माझं पथ्य उतरलं. आता मी पथ्य सोडायची नाही. पोरीचा शब्द परत गेला तर?"

"ताई, तू जेव," आधीबसा हात जोडून म्हणाला. "तिनं ते तुझ्याकडून ऐकलं."

"म्हणजे मीच बोलायला लावलं ना? मग झालं तर!"

आणि त्यांनी वाढलेलं ताट परत पाठवलं.

आणि इथे आधीबसाचा नियम त्याच्याच अंगावर उलटला. उपायांना अडवायला म्हणून घातलेला बांध, तोच आता लोकांना उपाय वाटायला लागला. लोक दुकानात खुर्ची बघायच्या मिषानं येत आणि हळूच विचारत, "मामानं घेतलेलं जास्त लागू पडतं की आत्यानं?" एकानं तर विचारलं, "सख्खा मामा नसेल तर चुलत चालतो का?"

एके दिवशी गल्लीच्या टोकाला राहणारा रंगारी आला. भिंती रंगवणारा, साधा, भला माणूस. त्याचाही मुलगा गिरकीसारखाच. रंगारी आनंदात सांगायला लागला, "तुमच्यासारखंच आम्हीही केलं. माझा धाकटा भाऊ पोरासाठी पथ्य करतोय. त्यामुळे बोलण्याच्या बाईंची शिकवणी सोडून दिली. दोन दोन गोष्टी कशाला?"

आधीबसाच्या हातातली हातोडी तशीच राहिली. "शिकवणी सोडलीत?"

"मग? गुण आत्यांनी आला ना तुमच्याकडे?"

आधीबसानं त्याला परोपरीनं समजावलं. शिकवणीचं सांगितलं, चित्रांचं सांगितलं, ताईच्या भुकेचं सांगितलं. रंगारी मान डोलावत ऐकत राहिला आणि शेवटी डोळा मिचकावून म्हणाला, "कळलं. तुम्हाला उघड बोलायचं नाही."

हाच रंगारी पुढच्या आठवड्यात थेंबांची बातमी घेऊन आला. कोणी एक साहेब आहेत, थेंब देतात, पाण्यातून. महिन्याभरात मूल घडाघडा बोलतं. आणि या वेळी बातमी दुकानात न येता मागच्या दारानं गेली, मशीनपाशी.

संध्याकाळी गिरकीच्या आईनं मशीन थांबवलं. "अहो, साहेब उद्या येणार आहेत. मी बोलावलंय."

"येऊ देत. आधी ते घेतील."

"नाही. या वेळी नियम नाही. थेंब सरळ तिला द्यायचे. घ्यायचे त्यांनी टोप घेतले, पथ्यं घेतली. माझी पोर तिथेच आहे."

"तिथेच कुठे आहे? भूक लागली म्हणते."

"एक वाक्य! आपण नसू तेव्हा एका वाक्यावर जगेल ती? आपण नसू तेव्हा तिला 'ठोकतोय हं' असं कोण सांगणार आहे? तुम्ही उद्या नाही म्हणालात तर मी तिला घेऊन दादाकडे जाईन आणि तिथे थेंब देईन."

या प्रश्नावर कुठली खुर्ची पुरणार? आधीबसानं दवाखान्याला फोन लावला तर डॉक्टरीणबाई परगावी गेलेल्या. फोनवरच्या बाई म्हणाल्या, बाटलीवर काय लिहिलंय ते बघा, आणि त्या परत येईपर्यंत काही देऊ नका. एवढंच घेऊन तो सकाळची वाट बघत राहिला.

साहेब आले ते रंगाऱ्याला पुढे घालून. पांढरे कपडे, हातात चामडी बॅग. दुकानात एका डॉक्टरांसाठी केलेला मरून मखमलीचा सोफा तयार होता, त्यावर ऐसपैस बसले. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला आत्या. गिरकी स्टुलावर गोल फिरत होती. साहेबांनी बाटली काढली. बाटलीवर एक अक्षर नव्हतं.

"यात काय आहे?" आधीबसानं विचारलं.

"शुद्धी," साहेब म्हणाले. "शरीरातली सगळी विषं मुळापासून बाहेर. ऑटिझम, सांधेदुखी, केस गळणं, सगळ्यावर एकच."

साहेबांच्या डोक्यावर तेव्हा दारातलं ऊन लखलखत होतं. न्हावी दारातूनच तिकडे बघत होता, धंद्याच्या नजरेनं.

"मग आधी तुम्ही घ्या."

"मी निरोगी आहे. निरोगी माणसाला हे घेता येत नाही."

"का? काय होतं?"

"त्रास होतो."

"आणि मुलीला झाला तर?"

"झालाच पाहिजे! उलट्या, जुलाब, पोटात आग. त्रास झाला म्हणजे समजायचं, लागू पडतंय."

"आणि नाही झाला?"

"मग अलगद लागू पडतंय."

"म्हणजे लागू न पडायची काही सोयच ठेवली नाहीत तुम्ही."

मामा खुदकन हसले. गिरकीच्या आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की हसू परत घशात गेलं. पण 'उलट्या' आणि 'आग' हे शब्द तिनं ऐकले होते. तिचा हात नकळत स्टुलाच्या कडेवर गेला आणि स्टूल थांबलं.

साहेब मोठे वस्ताद. त्यांनी ते पाहिलं आणि सूर बदलला. "तुमच्या घराची ख्याती ऐकूनच आलोय. उपाय नात्यातून उतरतो म्हणे. मग पहिला डोस मामांनी घ्यावा. गुण दिसला की मुलीला."

"मी घेतो!" मामा ताडकन उठले. "टोपाच्या वेळी मीच होतो."

"तू कशाला?" आत्या कडाडल्या. "टोपानं नुसतं बघितलं, पथ्यानं बोलली. मी घेणार."

"ताई, तुमचं पोट रिकामं आहे, तुम्हाला बाधेल."

"म्हणूनच! रिकाम्या पोटी जास्त लागू पडेल."

"कोणीही घ्यायचं नाही!" आधीबसा मध्ये पडला.

"अरे, नियम तुझाच ना?" आत्या म्हणाल्या. "आणलेलं आधी मोठ्यांनी घ्यायचं. मग आता पाय का मागे?"

आधीबसा उघडा पडला. खुर्ची मोडली तर माणूस पडतो आणि उठतो. हे पोटात गेल्यावर उठायचं कसं? आपल्या नियमात हे भोक आहे, हे त्याला आज दिसलं. तोपर्यंत मामांनी चमचा धरला होता आणि साहेबांनी बाटलीचं बूच काढलं होतं. दुकानभर असा वास सुटला, की जणू एखाद्या इस्पितळाची सगळी फरशी एकदम कोणी पुसली. गिरकीनं नाक दाबलं, स्टुलावरून उतरली आणि सोफ्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

आत्यांनी चमच्याला हात घातला. मामांनी तो वर उचलला. आत्या उंच झाल्या, मामा चवड्यांवर गेले. चवड्यांवर जायची त्यांना आता सवय होती. आधीबसानं मामांचं मनगट पकडलं. चमचा हिंदकळला आणि चार थेंब सोफ्याच्या हातावर पडले, नेमके साहेबांच्या कोपराशेजारी.

सगळे खाली बघायला लागले. मरून मखमलीवर आधी ओले ठिपके दिसले. मग ठिपके गुलाबी झाले. मग नारिंगी, मग पिवळट. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रंग निघून चालला होता.

"बघा," साहेब शांतपणे म्हणाले. "विष बाहेर पडतंय."

"कोणाचं?" गिरकीच्या आईनं विचारलं.

साहेब बाटलीचं बूच शोधायला लागले.

"नाही, मला कळू दे. कोणाचं विष? सोफ्याचं?"

"मखमल बरी होतेय बहुतेक," न्हावी दारातून म्हणाला.

गिरकी मागून पुढे आली. तिची आवडती मखमल. ती डागाकडे वाकली, हात पुढे केला. आधीबसानं तो हळूच धरून बाजूला घेतला. ती डागाकडेच बघत म्हणाली, "रंग गेला."

हे वाक्य तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. आईनं तोंडावर हात ठेवला. आणि साहेबांनी दोन्ही हात उंचावून आरोळी ठोकली, "बोलली! पाहिलंत? नुसत्या वासानं बोलली!"

मामांनी चमच्याकडे पाहिलं. आत्यांनी मामांकडे पाहिलं. हेच बोलणं आपण कुठेतरी ऐकलंय, अगदी आपल्याच आवाजात ऐकलंय, असं काहीतरी दोघांच्या चेहऱ्यावर उमटलं. मामांचा हात आपोआप खाली आला.

गिरकीच्या आईनं भावाच्या हातातून चमचा काढून घेतला. साहेबांच्या मांडीवरून बाटलीही उचलली, तिला बूच घट्ट लावलं आणि त्यांच्या बॅगेत ठेवली. मग मोरीत जाऊन चमच्यावर नळ सोडला. बराच वेळ सोडला. पाठमोरी असतानाच म्हणाली, "ताई, तुमचं ताट वाढते. भात आहे, दही आहे. सगळं पांढरं आहे."

आत्या आत जाऊन पाटावर बसल्या.

रंगारी मघापासून भिंतीला टेकून उभा होता. त्यानं खिशातून तसलीच एक बाटली काढली, मुलासाठी घेतलेली, अजून न उघडलेली, आणि ती साहेबांच्या बॅगेवर ठेवून दिली. मग आधीबसाला हळू आवाजात विचारलं, "बोलण्याच्या बाई मधेच सोडलेल्या मुलांना परत घेतात का हो?"

"घेतात," आधीबसा म्हणाला. "मी येतो उद्या तुमच्याबरोबर."

साहेबांनी बॅग बंद केली. उठताना कोपराला डाग लागला तर नाही ना, हे बाही ताणून नीट पाहिलं. हे पाहणं सगळ्यांनी पाहिलं. दारात पोचल्यावर ते वळले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुम्हाला तुमची मुलगी बरी व्हायलाच नकोय!"

आधीबसा डागाशेजारी उकिडवा बसून मखमलीचा हात कसा उसवायचा ते बघत होता. गिरकी त्याच्या पाठीला टेकून उभी होती. त्यानं मान वर केली आणि अगदी अजिजीनं उत्तर दिलं:

"तसं नाही साहेब, ती आजारी होती ना मागच्या आठवड्यात, नाक गळत होतं, खोकला होता, मग सर्दी आपोआपच गेली, तेव्हा आला असतात तर तेवढी तरी तुमच्या नावावर लागली असती, तुम्हीच उशीर केलात."